सोळा नमाजी आणि एक गाडी

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या मोहल्ल्यात एक जनाजा उठला. ज्या खालांनी गल्लीतल्या निम्म्या पोरांना कुरआन वाचायला शिकवलं, त्यांचा. घरापासून मशीद दोनशे पावलं. गल्ली भवानी पेठेतल्या इतर गल्ल्यांसारखीच, रुंदी पंधरा-सोळा फूट. एका बाजूला चारचाकी ओळीने, दुसऱ्या बाजूला दुचाक्या तिरप्या लावलेल्या, मधे उरते चार फुटांची फट. तेवढ्या फटीतून एकटा माणूस जातो. जनाज्याला दोन्ही बाजूंनी खांदे लागतात.

एका पांढऱ्या एसयूव्हीपाशी आल्यावर सगळं थांबलं. पोरांनी खांद्यावरचा जनाजा हातांवर घेतला, डोक्याच्या वर उचलला आणि बॉनेटवरून पलीकडे नेला. कुणाचं तरी कोपर लागलं आणि गाडीचा सायरन सुरू झाला. कलमा पढणाऱ्यांचा आवाज त्यात बुडाला. मय्यत मशिदीच्या दारात पोचली तरी गाडी ओरडतच होती. दोन पोरं मालकाला शोधायला पळाली, मालक सापडेना. नमाज झाल्यावर सापडला. पहिल्या सफेत उभा होता.

त्यांचं नाव लिहिणार नाही. भला माणूस आहे, रमजानमध्ये गल्लीतल्या कितीतरी घरांत राशन पोचवतो. संध्याकाळी स्वतःहून माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "सर, जगाच नै तो क्या करूं? गाडी सर पे रखूं?"

प्रश्न बरोबर आहे. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. मय्यतीच्या घरासमोर वाद घालायचा नसतो. आज देतो.

जागा होती. ती कुठे गेली ते गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

माझ्या लहानपणी त्या कोपऱ्यावर एक वाडा होता. चौदा बिऱ्हाडं. चौदांत मिळून एक बजाज स्कूटर, बाकी सायकली, आणि त्या रात्री जिन्याखाली जायच्या. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या पुण्यात आमच्या पेठाही होत्या, हे आता सांगावं लागतं. वाडा जुना झाला, पावसाळ्यात भिंतीचा भाग पडला, महापालिकेची नोटीस आली, मग बिल्डर आला. बिल्डर आपलाच. हज करून आलेला. चौदा बिऱ्हाडांच्या जागी सात मजले उभे राहिले. जुन्या भाडेकरूंना मागच्या बाजूच्या एकेका खोलीचे फ्लॅट मिळाले, पुढचे मोठे फ्लॅट विकले गेले. नकाशात तळमजल्यावर पार्किंग होतं. भोगवटा पत्रासाठी पाहणी झाली त्या दिवशी फरशीवर पिवळे पट्टे मारलेले होते, आकडे घातलेले होते. ते पट्टे मी स्वतः पाहिलेत. दोन महिन्यांत पुढच्या भागाला शटर लागली. नाना पेठेतला दुचाकीच्या सुट्या भागांचा बाजार शेजारीच, गोदामाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. आज त्या तळमजल्यावर सायलेन्सर आणि टायर झोपतात आणि गाड्या रस्त्यावर.

या एका इमारतीवर कशाला बोट ठेवू? डोळे उघडे ठेवून क्वार्टर गेटपासून रामोशी गेटपर्यंत चालत जा आणि तळमजले मोजा. कुठे क्लिनिक, कुठे शिकवणी वर्ग, कुठे बिर्याणीचं दुकान. दोन ठिकाणी तर लग्नाचे हॉल. म्हणजे जिथे इमारतीच्या गाड्या राहायच्या होत्या तिथे आता आणखी पन्नास गाड्या बोलावणारा धंदा बसलाय. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत यांत्रिक पार्किंग बसवलंय, एकावर एक गाडी ठेवायचं. एकदा मोटर जळाली, दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा यावर भांडण झालं, ते अजून चालू आहे. वरच्या ट्रेमध्ये कुणीतरी जुनी गादी ठेवलीय.

कायदा काय म्हणतो? पार्किंगचा मजला एफएसआयमध्ये धरत नाहीत. कारण तो विकायचा चटई नसतो, इमारतीच्या सोयीचा असतो. म्हणजे शहराने बिल्डरला सवलत दिली: तू गाड्या पोटात घे, आम्ही ते क्षेत्र मोजत नाही. त्याने सवलत घेतली आणि गाड्या शहराच्या अंगावर टाकल्या. २०१० साली सुप्रीम कोर्टाने दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की इमारतीखालची खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीच्या सामाईक मालकीची. पुढे रेरा आला, छपराखालच्या पार्किंगचे नियम बदलले. उघड्यावरचं पार्किंग मात्र आजही विकता येत नाही. आमच्या पेठांत हे सगळं विकलं जातं, आणि आम्ही ते रोख देऊन घेतो. पावती मागत नाही. मग सोसायटीच्या बैठकीत एकमेकांच्या गळ्याला धरतो.

आता जरा हिशेब. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर, गणिताचा नाही. पण हा हिशेब चौथीतला आहे.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका चारचाकीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरलीय. साडेबारा चौरस मीटर. फुटांत सांगायचं तर साधारण एकशे चौतीस चौरस फूट.

मी सातवीच्या वर्गाला 'माझे घर' असा निबंध दिला होता. असे निबंध दरवर्षी देतो, दरवर्षी मुलं पुस्तकातलं कौलारू घर आणि अंगणातली तुळस लिहून आणतात, मीही मार्क देतो. या वेळी सांगितलं, खरं लिहा, मापासकट. एका मुलीने लिहिलं की आमचं घर दहा बाय बाराचं आहे, आम्ही सहा जण राहतो, रात्री अब्बा दारात झोपतात. दहा बाय बारा म्हणजे एकशे वीस चौरस फूट. तिच्या घरासमोर जी गाडी उभी असते ती तिच्या घरापेक्षा मोठ्या जागेत राहते. तिचे अब्बा त्या खोलीचं भाडं भरतात. गाडीवाला काहीच भरत नाही. गाडी दिवसातून फार तर दोन तास चालते. बाकी बावीस तास ती जागा अडवून झोपते, आणि वर कुणी तिला टेकलं तर ओरडते.

दुसरा हिशेब. २००३ साली मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एका फेरीवाल्याला एक मीटर बाय एक मीटर जागा ठरवून दिली होती. म्हणजे एका गाडीच्या जागेत बारा फेरीवाले बसतात आणि वर थोडी जागा उरते. बारा माणसं, बारा घरांच्या चुली. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आमच्याकडे आली की केळीवाल्याचा गाडा उचलून नेते. शेजारची एसयूव्ही तशीच असते. उलट पथकाचीच गाडी तिला लागून दुसरी रांग धरते.

आणि तिसरा हिशेब, जो मला खरं म्हणजे मांडायचा होता. जानमाज साधारण सव्वादोन फूट रुंद आणि पावणेचार फूट लांब. एका गाडीच्या जागेत सोळा माणसं नमाज पढू शकतात.

जुम्याच्या दिवशी आमच्या मशिदीत जागा पुरत नाही. शेवटच्या दोन सफा बाहेर येतात. दोन रकात फर्ज, वीस मिनिटंही नाही. या वीस मिनिटांवर देशात काय काय चालतं ते आपण सगळे मोबाइलवर बघतो. २०२५ च्या ईदच्या आधी मेरठच्या पोलिसांनी इशारा दिला होता की रस्त्यावर नमाज पढाल तर पासपोर्ट आणि लायसन्स रद्द होऊ शकतं. त्यावर टीव्हीवर जे बोललं गेलं त्याचं सार एवढंच: रस्ता चालण्यासाठी असतो.

मला हे वाक्य मान्य आहे. तावातावाने नाही, मनापासून मान्य आहे. नमाज रस्त्यावर असू नये. ज्याला पर्याय आहे त्याने तर मुळीच पढू नये. रस्ता चालण्यासाठीच असतो. मग हे वाक्य सोमवारी, मंगळवारी, रात्री अडीच वाजताही खरं असलं पाहिजे ना? आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास जी वस्तू रस्ता अडवते तिच्याबद्दल एकही चॅनल चर्चा का लावत नाही? सोळा माणसं वीस मिनिटं उभी राहिली तर ते अतिक्रमण, आणि त्याच जागेवर एक रिकामं लोखंडी खोकं वर्षभर उभं राहिलं तर ती पार्किंगची समस्या! समस्या म्हटलं की सहानुभूती मिळते. बिचाऱ्याला जागा मिळत नाही.

इथे मला काही वाचकांचा हात वर झालेला दिसतोय. म्हणतील, सर, मांडवांचं पण बोला की. नाही बोलणार. मांडवाकडे बोट दाखवून माझा हिशेब सुटत नाही. ज्याने त्याने आपल्या दारात बघावं, आणि माझ्या दारात बघण्यासारखं भरपूर आहे.

जुम्याला आमच्या गल्लीत सव्वा वाजता उभे राहा. नव्वदच्या दशकापासून पेठांतली आणि कॅम्पातली आपली किती घरं कोंढव्याला गेली. खोल्या वाढल्या, पोरं वाढली, इथल्या किमती परवडेनात, म्हणून गेली. मीही गेलो. पण जुम्याला मन जुन्या मशिदीकडेच ओढतं. तिथे दादा नमाज पढले, तिथे अब्बांचा जनाजा झाला. कोंढव्यात मशिदी नाहीत का? चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरी आपण येतो, एकेका गाडीत एकेक जण. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर गाडी जिथे नाक घुसेल तिथे सोडतो, दुसऱ्याच्या फाटकासमोर, कुणाच्या दुकानाच्या शटरला टेकवून. कुणी बोललं तर ठरलेलं उत्तर: "भाई, दो मिनट, नमाज का वक्त है." नमाजेचं नाव घेतल्यावर समोरचा काय बोलणार?

त्या वेळी टिंबर मार्केटकडे माल घेऊन जाणारा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकतो. चालक मराठवाड्यातून आलेला पोरगा, त्याला दिवसात चार खेपा करायच्या असतात. तो अर्धा तास स्टिअरिंगवर बोटं आपटत बसतो. बाहेर आलेल्या दोन सफा पाहतो, टोप्या पाहतो आणि त्याच्या डोक्यात गणित बसतं: यांच्या नमाजेमुळे अडकलो. प्रत्यक्षात सफा मशिदीच्या भिंतीला लागून असतात, त्यांच्या शेजारून टेम्पो निघू शकला असता. त्याला अडवलेलं असतं ते दोन रांगांत लावलेल्या आमच्या गाड्यांनी. रात्री त्याच्या मोबाइलवर एखादी क्लिप येते आणि ती त्याला खरी वाटते. त्याचा राग खोटा नाही. तो राग आम्ही फुकट वाटलाय, आठवड्याला एकदा, नेमाने.

रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा इमानचाच एक भाग आहे, हे आपण पोरांना मदरशाच्या पहिल्या वर्षात शिकवतो. आम्ही ते काट्याकुट्यांपुरतं ठेवलंय. काटा उचलायला सोपा असतो आणि तो आपण विकत घेतलेला नसतो.

तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मी मुलांना घेऊन गंज पेठेत फुलेवाड्यावर जातो. चाळीस पोरं, दोन शिक्षक, चालत. अंतर काही नाही. पण त्या रस्त्याने चाळीस पोरांची रांग नेणं म्हणजे काय असतं ते माझ्या सहकारी मॅडमना विचारा. फूटपाथ आहे, त्यावर दुचाक्या आहेत. फूटपाथच्या खाली चारचाकी आहेत. त्यांच्या पलीकडे, म्हणजे जिथे बस आणि टेम्पो चालतात तिथे, पोरं. मागच्या वर्षी एका उभ्या गाडीचं दार आतून उघडलं आणि एका मुलीच्या कपाळावर लागलं. तीन टाके पडले. गाडीतून उतरलेले गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, पोरांना सांभाळून चालवत जा." मी सांभाळूनच चालवत होतो. मुलगी अजून विचारते की या वर्षी जायचं का. जायचंय, पण रस्ता तोच आहे.

शहराला हे कळत नाही असं नाही. केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात लिहिलंय की शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगला जागा देताना हे ध्यानात घेतलं पाहिजे. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं. मूळ प्रस्तावात रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना शुल्क होतं, रात्रीच्या पार्किंगलाही होतं. किती आंदोलनं झाली ते आठवत असेल. जे पक्ष एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत ते एका सुरात बोलायला लागले. मंजूर होता होता धोरण पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरतं उरलं, आणि तो प्रयोगही वर्षानुवर्षं कागदावरून खाली उतरला नाही.

आणि जून २०२५ मध्ये पीएमपीचं किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा रुपये झालं. एका झटक्यात दुप्पट. माझ्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या आया, धुणीभांडी करायला कॅम्पात जाणाऱ्या बायका, सगळ्यांना लागू झालं. थोडी निवेदनं, थोड्या बातम्या, मग शांत. बसवाल्या बाईकडून रोज दहा रुपये जास्त घेता येतात, पण तिच्या वाटेत उभ्या असलेल्या गाडीकडून महिन्याला एक रुपया घेता येत नाही. या शहरात कुणाला नागरिक म्हणतात ते यावरून समजून घ्या.

"पैसे लावले की गरीब मरतो" हे पालुपद आमच्या मोहल्ल्यातही आहे. कोण गरीब? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या दर शंभर कुटुंबांमागे आठेक कुटुंबांकडेच कार होती. पुण्यात हे प्रमाण जास्त असणार, मान्य. पण लोहियानगरमध्ये, काशेवाडीत फिरून किती दारात कार दिसतात ते सांगा. तिथे रिक्षा दिसतात, हातगाड्या दिसतात, छोटे टेम्पो दिसतात. ती रोजीरोटीची वाहनं आहेत. त्यांना वेगळा, नाममात्र दराचा परवाना द्या, मी सही करायला पहिला येईन. रिक्षावाल्याच्या पदराआडून स्वतःची सेदान लपवणाऱ्यांचं मात्र मला ऐकायचं नाही.

आता माझी गोष्ट, नाहीतर म्हणाल मास्तर सायकलवर हिंडतो म्हणून बोलतोय. मी शाळेत दुचाकीवर येतो. घरी एक जुनी वॅगनआर आहे. अम्मीला डायलिसिसला न्यायची म्हणून घेतली होती. अम्मी गेली, गाडी राहिली. कोंढव्यात आमच्या इमारतीला तळमजल्यावर पार्किंग नाहीच, भिंतीला भिंत लागलेली. फ्लॅट घेताना मी विचारलं होतं, बिल्डर म्हणाला, "सामने इतना बडा रोड है ना सर." मला ते उत्तर पटलं. अकरा वर्षं गाडी त्या बड्या रोडवर आहे आणि मी एक पैसा भरलेला नाही. मला महिन्याला हजार रुपये मागितले तर मी कुरकुरेन, मग भरेन, आणि दुसऱ्या महिन्यात विचार करेन की आठवड्यातून एकदा चालणारी ही गाडी मला खरंच हवी आहे का. हा विचार अकरा वर्षांत मला कुणी करायला लावला नाही.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी फुकट पार्किंग किती महाग पडतं यावर २००५ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं एक म्हणणं आपल्या पेठांना लागू पडतं: प्रत्येक नव्या इमारतीत इतक्या गाड्यांची जागा पाहिजेच असा नियम केला की त्या जागेचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही तो भरतो. आमच्या त्या सात मजली इमारतीत हेच झालंय, शिवाय आणखी एक गंमत. पार्किंगचा खर्च सगळ्या फ्लॅटवाल्यांनी भरला, पार्किंग गोदामवाल्याला मिळालं आणि गाड्यांचा त्रास गल्लीला. तिन्हीकडे वेगवेगळी माणसं, म्हणून भांडायला कुणीच समोरासमोर येत नाही.

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घोषणा केली की पार्किंगच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करायची नाही. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. तिथे गाडी घेण्याआधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते, आणि रस्ता हे गॅरेज म्हणून वापरता येत नाही. ऐकायला छान आहे. पण आमच्याकडे दाखला कशाच्या जोरावर मिळणार? त्याच नकाशाच्या, ज्यात टायरच्या गोदामाला पार्किंग म्हटलंय. झेरॉक्सच्या दुकानात आणखी एक कागद वाढेल. आधी शटर उघडा. ज्या इमारतींना भोगवटा पत्र दिलंय त्यांचे तळमजले नकाशा हातात घेऊन तपासा. त्याला नवा कायदा लागत नाही, एक इंजिनिअर आणि एक टेप लागते. आणि धैर्य. कारण शटरच्या मागे कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी नगरसेवक, कुणाचा तरी हाजीसाहेब असतो.

बहुमजली वाहनतळ बांधा ही मागणी आता आपल्याकडूनही ऐकू येते. मोहल्ल्याची अस्मिता असल्यासारखी. 'त्यांच्या' भागात आहे, आमच्याकडे का नाही? मंडईजवळ दोन मोठे वाहनतळ आहेत आणि मंडईजवळचे रस्ते मोकळे आहेत का ते स्वतः जाऊन बघा. खाली रस्त्यावर फुकट मिळतंय तोपर्यंत वर चढून पैसे कोण देईल? आमच्या भागात एक जुना भूखंड मोकळा होणार अशी चर्चा आहे. तिथे मुलींसाठी अभ्यासिका आणि दवाखाना व्हावा असं काही जणांनी मांडलं, तर एका वजनदार माणसाने सुचवलं की पार्किंग करा, सगळ्यांचं भलं होईल. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं, असं त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. मीही नाही. रात्री घरी गेल्यावर सुचलं.

महापालिका काय करेल ते करेल. मशीद आपल्या हातात आहे. मी ट्रस्टींना तीन गोष्टी लिहून दिल्यात. जुम्याच्या दोन जमाती करा, अर्ध्या तासाच्या अंतराने. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी झाल्या, तिथे आभाळ कोसळलं नाही, आणि सफ रस्त्यावर येणं बंद झालं. खुतब्याच्या आधी ऐलान करा की गल्लीत चारचाकी आणू नका, म्हातारे आणि आजारी सोडून. आणि मशिदीच्या मागच्या बाजूला ट्रस्टने स्वतः जी तीन दुकानं भाड्याने दिलीत, ती मूळ नकाशात काय होती ते एकदा कागद काढून बघा. पहिल्या दोन मुद्द्यांवर माना हलल्या. तिसऱ्यावर एक बुजुर्ग म्हणाले, "मास्टरसाहब, वो आमदनी मदरसे को जाती है." जाते, मला माहीत आहे. माझ्याच शाळेतली काही पोरं तिथे संध्याकाळी शिकतात. त्याच पोरांना दुपारी रस्त्याच्या मधून चालावं लागतं. कागद काढायला काय हरकत आहे?

येत्या गुरुवारी इशानंतर बैठक आहे. एसयूव्हीवाले भाई येणार आहेत. खालांच्या चाळिसाव्याच्या आधी काहीतरी करायचं म्हणून त्यांनी अर्ज टाकून आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा महापालिकेतून काढलाय, आणि मला फोटो पाठवलाय. कोपऱ्यावरचा तोच वाडा, तोच तळमजला. नकाशात अकरा गाड्यांची जागा दाखवलीय. सात नंबरच्या चौकटीवर त्यांच्या फ्लॅटचा क्रमांक लिहिलाय.